ऑर्किडच्या पानावरचा डाग: भाजलंय की सडतंय?

मार्चअखेरपासून माझ्या फोनवर एकाच छापाचे फोटो येऊ लागतात. फॅलेनॉप्सिस या ऑर्किडचं जाड पान, त्यावर रुपयाएवढा काळपट डाग आणि खाली दोनच शब्द: "काय मारू?" डाग कसला आहे, हे कुणी विचारत नाही. मी उत्तर देईपर्यंत कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक मारून झालेलं असतं, वर दालचिनीची पूड भुरभुरलेली असते आणि निम्मं पान कापलेलंही असतं. बहुतेक वेळा डाग निघतो उन्हाचा.

डाग मुख्यतः दोन प्रकारचे, एक भाजल्याचा आणि दुसरा बॅक्टेरियाने सडल्याचा. उपाय मात्र एकमेकांच्या उलट. भाजलेलं पान जपायचं आणि सडलेलं ताबडतोब कापायचं. फॅलेनॉप्सिसला वर्षाकाठी जेमतेम दोन-तीन पानं येतात, म्हणून उगाच कापलेलं एक पानही महागात पडतं.

उन्हाबद्दल सोलापूरकराला मी काय सांगणार! फक्त एक गोष्ट लक्षात येत नाही, ती अशी. सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या सुमारास, म्हणजे जानेवारीत, सूर्य नैर्ऋत्येकडे मावळतो. तेव्हा बाल्कनीच्या ज्या कोपऱ्यात दिवसभर सावली असते, तिथेच एप्रिलमध्ये पश्चिम-वायव्येकडून तिरपं ऊन घुसतं. कुंडी जागची हललेली नसते, म्हणून "ऊन लागणं शक्यच नाही" असं लोक शपथेवर सांगतात. दुपारी चारला पानाला हात लावून बघा. पान गरम लागलं की समजा.

खरी फसगत पहिल्या दोन दिवसांत होते. भाजलेला डाग कोरडा आणि सडका डाग ओला, असं सगळीकडे सांगतात. ते आठवड्यानंतर खरं असतं. ताजा भाजलेला भागही मऊ, पाणथळ आणि काळसर दिसतो, कारण आतल्या पेशी फुटलेल्या असतात. त्यामुळे नुसत्या ओलसरपणावर निकाल देऊ नका. डाग हद्द ओलांडतो का, ते बघायचं.

मी असं करतो. डागाच्या कडेला लागून मार्करने बारीक रेघ ओढतो. बॉलपेन नको, पानाला ओरखडा पडतो. मग कुंडी बाकीच्या झाडांपासून दूर सावलीत ठेवतो आणि पानांवर पाण्याचा थेंब पडू देत नाही. सकाळी रेघ ओढली तर रात्री बघतो, परत दुसऱ्या सकाळी बघतो. भाजलेला डाग रेघेच्या आत रंग बदलतो. फिकट असेल तो काळा पडेल, मग पिवळसर कागदासारखा होईल, खोलगट होईल, पण रेघेच्या आतच राहील. बॅक्टेरियाचा डाग रेघ पार करतो. उकाड्यात मऊ सड असेल तर दोन दिवसांत अख्खं पान लोंबतं आणि दाबलं की घाण वास येतो. असा वेग दिसला तर दुसऱ्या सकाळची वाट बघू नका.

रेघेआधी मोबाईलचा टॉर्च पानामागे धरून बघा. इथे डाळिंबवाल्यांची नजर कामाला येते. सांगोल्याकडचे एक काका माझ्याकडे आले होते, ऑर्किड त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. टॉर्चच्या उजेडात डागाची कड बघून म्हणाले, "हे तेल्यासारखं दिसतंय की." बरोबर ओळखलं. तेल्या हा डाळिंबावरचा रोग, त्याचा बॅक्टेरिया झँथोमोनास आणि ऑर्किडवरच्या या डागाचा अ‍ॅसिडोव्होरॅक्स, म्हणजे डाळिंबावरचा रोग कुंडीत येत नाही. पण डागाभोवतीची ती तेलकट, अर्धपारदर्शक कड आणि बाहेरचं पिवळं वलय सारखंच. भाजलेल्या डागाला अशी कड सहसा नसते.

जागाही बोलते. ऊन पानाच्या सर्वांत उंच, बाहेर वळलेल्या भागाला लागतं आणि शेजारच्या दोन-तीन झाडांना एकाच दिशेने लागतं. बॅक्टेरिया पाणी साचतं तिथून सुरू होतो: पानाचा देठ, मधला खोबणीसारखा भाग आणि सर्वांत वाईट म्हणजे झाडाचा शेंडा, जिथून मधोमध नवं पान फुटतं. आपल्याकडे काही दिवसांआड नळाला पाणी येतं, मग संध्याकाळी पाइप धरून सगळ्या कुंड्यांना न्हाऊ घालायचा सोहळा होतो. शेंड्यात तुंबलेलं पाणी रात्रभर तसंच राहतं. याचा मला मनस्वी राग येतो. पाणी सकाळी घाला, मुळांना घाला आणि शेंड्यात गेलेलं कापसाने टिपून घ्या.

बुरशीच्या डागांचं फार कौतुक नको. ते सावकाश वाढतात. काळ्या ठिपक्यांची वर्तुळं दिसली तर ती बरेचदा आधीच भाजलेल्या जागेवर बसलेली बुरशी असते.

आता उपाय. भाजलं असेल तर झाड सावलीत घ्या, बस. डाग भरून येणार नाही, पण उरलेला हिरवा भाग झाडाला पोसत राहतो. जूनमध्ये हवा दमट झाली की त्या मेलेल्या भागातून बॅक्टेरिया शिरू शकतो, म्हणून तेव्हा रोज एक नजर टाका.

सडत असेल तर ब्लेड ज्योतीवर तापवून, गार करून, डागाच्या पलीकडे दीड-दोन सेंटीमीटर निरोगी भागासकट कापा. प्रत्येक कापाआधी ब्लेड पुन्हा तापवा. कापलेल्या कडेवर दालचिनी चालते, मुळांवर नको, मुळं सुकतात. कार्बेन्डाझिम बुरशीनाशक आहे, बॅक्टेरियाला त्याने काही होत नाही. तांबंयुक्त औषध लेबलावरच्या प्रमाणातच वापरा, फुलं असताना नको आणि डेंड्रोबियम जातीच्या ऑर्किडवर तर नकोच, त्याला तांबं सोसत नाही. काकांनी जाताना बागेतलं उरलेलं बोर्डो मिश्रण, म्हणजे तांब्याचंच औषध, द्यायची तयारी दाखवली होती. मी हात जोडले आणि चहा ठेवला.