स्फोट १५७२चा, वर्णपट २००८चा

पन्हाळगडावर आदिलशाहीचा अंमल होता त्या काळात, नोव्हेंबर १५७२ मध्ये, शर्मिष्ठा तारकासमूहात एक तारा दिवसाउजेडी दिसण्याइतका तेजाळला. डेन्मार्कचा खगोलनिरीक्षक टायको ब्राहे याने त्याचे तेज महिनोन्‌महिने नोंदवले. पण तेव्हा दुर्बीणच नव्हती, मग वर्णपट, म्हणजे प्रकाशाची रंगांनुसार केलेली फोड, कुठला? त्यामुळे हा अतिनवतारा (स्फोट होऊन तेजाळलेला तारा) नेमका कोणत्या जातीचा, हा प्रश्न लोंबकळत राहिला.

तो सोडवला धुळीने. स्फोटाचा प्रकाश चहूकडे जातो. बाजूला गेलेला थोडा प्रकाश धूलिमेघावर आपटून आपल्याकडे वळतो. हा वळसा थेट वाटेपेक्षा ४३६ प्रकाशवर्षांनी लांब असेल, तर १५७२चा उजेड २००८ मध्ये पोहोचतो. हा प्रकाशाचा प्रतिध्वनी.

शोधायची रीत म्हणजे वजाबाकी. आकाशाच्या एकाच तुकड्याची, एकाच फिल्टरमधून, वर्षभराच्या अंतराने दोन छायाचित्रे घ्यायची. ती ताऱ्यांवरून जुळवायची, जास्त रेखीव असलेले दुसऱ्याइतके पुसट करायचे आणि मग वजा करायचे. पुसट करण्याची पायरी गाळली, तर प्रत्येक ताऱ्याभोवती कडे उरते. नीट जमले, तर स्थिर तारे जातात आणि सरकलेला प्रतिध्वनी काळ्या-पांढऱ्या जोडपट्ट्यांसारखा उरतो. १० हजार प्रकाशवर्षांवर प्रकाशाच्या वेगाने आडवे सरकणारे काहीही वर्षाला सुमारे २० विकला (एका अंशात ३६००) हलते.

फसगत होते ती इथेच. रूपविकारी (तेज बदलणारे) तारे ठिपके होऊन उरतात, ते ओळखता येतात. खरा ताप प्रखर ताऱ्यांचा. त्यांचा उजेड दुर्बिणीतच परावर्तित होऊन हुबेहूब प्रतिध्वनीसारख्या कमानी उमटवतो. म्हणून तिसरे छायाचित्र हवेच. खऱ्या कमानींच्या सरकण्याच्या रेषा मागे वाढवल्या, की साधारण एकाच स्फोटस्थानी मिळतात. धुळीचा पडदा कलता असेल तर एकटी कमान चुकीची दिशा दाखवते, त्यामुळे अनेक कमानी लागतात.

सप्टेंबर २००८ मध्ये हवाईतल्या ८.२ मीटरच्या सुबारू दुर्बिणीने अशा एका कमानीचा वर्णपट घेतला. सिलिकॉनची ६३५ नॅनोमीटर तरंगलांबीची रेषा ६१०च्या आसपास, निळ्या बाजूला सरकलेली, म्हणजे द्रव्य सेकंदाला १० हजार किलोमीटरहून वेगाने बाहेर फेकलेले. हायड्रोजनचा मागमूस नाही. निदान झाले: श्वेतबटूचा (इंधन संपलेल्या ताऱ्याच्या दाट गाभ्याचा) स्फोट, म्हणजे अतिनवताऱ्यांचा प्रकार १ए. हा वर्णपट मात्र एका रात्रीचा नसतो. धुळीच्या थराला जाडी असल्याने कित्येक आठवड्यांचा उजेड त्यात मिसळतो, शिवाय धूळ निळा प्रकाश जास्त विखुरते. तुलना तशाच मिसळलेल्या नमुन्याशी करावी लागते.

कोल्हापुरातून नोव्हेंबरच्या मध्यात रात्री नऊ-साडेनऊला ही जागा उत्तरेला सुमारे ४३ अंशांवर असते. प्रतिध्वनी मात्र रात्रीच्या काळ्या आकाशाहूनही फिका, त्यामुळे डोळ्यांना दिसेल ती फक्त शर्मिष्ठा.