जी१० आणि एलएक्स३: पिक्सेल वाढवायचे की भिंग मोठं करायचं?

जुन्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचा विषय निघाला की कॅननचा पॉवरशॉट जी१० आणि पॅनासॉनिकचा ल्युमिक्स एलएक्स३ ही दोन नावं आजही जोडीनेच येतात. दोन्ही २००८ चे. एलएक्स३ जुलैत जाहीर झाला, जी१० सप्टेंबरात. सेन्सर (प्रकाश टिपणारा तुकडा) जवळपास सारख्याच आकाराचा, रॉ फाइलची, म्हणजे सेन्सरवरची कच्ची माहिती जशीच्या तशी साठवायची, सोय दोघांतही, किंमत एकाच पट्ट्यातली. गिऱ्हाईकही एकच होतं: एसएलआर, म्हणजे भिंग बदलता येणारा मोठा कॅमेरा, घरी असलेला, पण तो रोज खांद्याला अडकवून फिरायचा कंटाळा आलेला माणूस. तरीही दोन कंपन्यांनी अगदी उलट दिशा धरल्या. कॅननने १४.७ मेगापिक्सेल दिले. पॅनासॉनिक १०.१ वर थांबली आणि सगळा जोर भिंगावर लावला. या फरकामागे निदान आठ-दहा वर्षांची रस्सीखेच होती.

सीसीडी हा या दोन्ही कॅमेऱ्यांतल्या सेन्सरचा प्रकार. त्याची कल्पना १९६९ ची, बेल लॅब्जमधल्या विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांची. त्यासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. सेन्सरवर लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांची जी जाळी असते तिचं पेटंट कोडॅकच्या ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये मिळालं. सर्वसामान्य माणसाच्या हातात डिजिटल कॅमेरा यायला मात्र १९९५ उजाडलं. त्या वर्षी आलेल्या कॅसिओ क्यूव्ही-१० ला मागे छोटा एलसीडी पडदा होता आणि त्याच्या सेन्सरवर पिक्सेल होते जेमतेम अडीच लाख. तिथून २००० साली आलेला कॅननचा जी१ हा ३.३ मेगापिक्सेलचा. पाच वर्षांत तेरापट!

त्या काळात मेगापिक्सेलचा आकडा खरंच काहीतरी सांगत होता. दोनचे तीन झाले की पोस्टकार्डाचा प्रिंट सुधारायचा, तीनचे सहा झाले की ए४ आकारापर्यंत बिनधास्त जाता यायचं. खोक्यावर छापायला सोपा, दुकानदाराला सांगायला सोपा आणि गिऱ्हाइकाला कळायलाही सोपा असा तो एकच आकडा. म्हणून सगळ्या कंपन्या त्याच्याच मागे लागल्या. सेन्सर मात्र तेवढाच राहिला.

सेन्सरच्या आकाराचा गोंधळ इथेच सोडवून घेऊ, कारण कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकातली सर्वांत फसवी ओळ हीच. ‘१/१.७ इंच’ म्हटल्यावर सेन्सर कुठूनतरी १५ मिलिमीटर भरेल असं वाटतं. प्रत्यक्षात कर्ण साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास. हे माप जुन्या टीव्ही कॅमेऱ्यातल्या काचनळीच्या बाहेरच्या व्यासावरून चालत आलंय. नळीचा चित्र टिपणारा भाग व्यासाच्या साधारण दोन तृतीयांश असायचा. नळ्या गेल्या, मोजायची रीत राहिली. जी१० चा सेन्सर अदमासे ७.६ गुणिले ५.७ मिलिमीटर, म्हणजे ४३ चौरस मिलिमीटर. ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट ८६४ चौरस मिलिमीटर. वीसपट फरक! करंगळीच्या नखाएवढ्या त्या तुकड्यावर कॅननने १ कोटी ४७ लाख पिक्सेल बसवले होते.

आता दोन्हींची घराणी बघू. जी१ चं भिंग एफ/२.० चं होतं (एफचा आकडा जितका लहान, तितका भिंगातून जास्त उजेड), आणि २००४ च्या जी६ पर्यंत ते तसंच उजळ राहिलं. २००६ मध्ये जी७ आला तेव्हा कॅननने दोन गोष्टी काढून घेतल्या: उजळ भिंग आणि रॉ फाइल. त्या बदल्यात सहापट झूम आणि सुबक बांधणी मिळाली. रॉ गेल्यावर जी मालिकेचे निष्ठावंत चांगलेच नाराज झाले. २००७ च्या जी९ मध्ये रॉ परत आली, एफ/२.० काही आलं नाही. जी१० मध्ये वाइड बाजू ३५ वरून २८ मिलिमीटरपर्यंत आणली (आकडा लहान तितकं दृश्य रुंद; ही मोठी सुधारणा होती, आतल्या खोल्यांचे फोटो काढणाऱ्याला विचारा), पण भिंग वाइड बाजूला एफ/२.८ चंच राहिलं आणि पिक्सेल १२.१ वरून १४.७ वर गेले.

पॅनासॉनिकची एलएक्स मालिका उशिरा, २००५ मध्ये सुरू झाली. एलएक्स१ चा सेन्सरच १६:९ या रुंद आकाराचा होता. २००६ चा एलएक्स२ त्याच वाटेने गेला. दोघांची भिंगं २८ ते ११२ मिलिमीटर, एफ/२.८ ते ४.९. कमी उजेडात फोटो खरबरीत यायचे. म्हणजे २००८ मध्ये पॅनासॉनिकसमोरही सोपा रस्ता होताच, पिक्सेल बारा-चौदा करायचे आणि झूम वाढवायचा. तो तिने धरला नाही. झूम उलट कमी करून अडीचपटीवर आणला, २४ ते ६० मिलिमीटर, आणि भिंग केलं एफ/२.० ते २.८. त्यावर लायकाचं ‘व्हॅरिओ-सुमिक्रॉन’ हे नाव होतं, आणि लायकाने हाच कॅमेरा थोडं रूप बदलून डी-लक्स ४ म्हणून विकला. माझ्या मते २००० ते २०१० या दशकात कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांबाबत घेतलेला हा सर्वांत धाडसी निर्णय. गिऱ्हाइकाला सहज कळणारे दोन्ही आकडे, पिक्सेल आणि झूम, प्रतिस्पर्ध्यापेक्षा कमी ठेवून कॅमेरा विकायला काढणं सोपं नव्हतं.

मग खरा फरक किती? इथे बहुतेकांची एक चूक व्हायची. दोन्ही फोटो संगणकावर शंभर टक्के मोठे करून शेजारी ठेवायचे आणि जी१० ‘नॉइझी’, म्हणजे ठिपकेदार, म्हणून निकाल द्यायचा. पण जी१० चा फोटो ४४१६ पिक्सेल रुंद आणि एलएक्स३ चा ३६४८. शंभर टक्क्यांवर जी१० ची आपण जास्त मोठी छपाई बघत असतो. दोन्ही फोटो एकाच आकारात छापले की तो फरक बराचसा विरतो, कारण सेन्सरचं क्षेत्रफळ सारखं असेल तर त्यावर पडणारा एकूण उजेडही सारखाच. पिक्सेल बारीक केले म्हणून उजेड कुठे पळून जात नाही, तो जास्त भागांत वाटला जातो इतकंच. जी१० चा एक पिक्सेल साधारण १.७ मायक्रॉनचा, एलएक्स३ चा २. बारीक पिक्सेलला थोडा तोटा होतो, पण आरडाओरड झाली तेवढा नाही.

खरा फरक भिंगाचा होता. एफ/२.० आणि एफ/२.८ मध्ये एक पूर्ण स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड. हे दोन्ही कॅमेरे माझ्याकडे आहेत, म्हणून स्वतः करून पाहिलेलं सांगतो. टेबलावर एकच दिवा, त्याखाली उघडं पुस्तक, बाकी खोली अंधारी. शटर दोघांचंही एक तीसांश सेकंद. एलएक्स३ ने एफ/२.० वर आयएसओ ४०० मध्ये काम भागवलं (आयएसओ म्हणजे संवेदनशीलतेचा आकडा; तो वाढवला की फोटोत ठिपके वाढतात). जी१० ला एफ/२.८ वर आयएसओ ८०० लागलं. एलएक्स३ च्या फोटोत कागदाचा पिवळेपणा आणि पानाच्या घडीतली सावली नीट दिसते. जी१० मध्ये त्याच सावलीत रंगीत ठिपके उतरलेत आणि बारीक अक्षरांच्या कडा मऊ पडल्यात. सेन्सरपेक्षा काचेने घडवलेला हा फरक आहे.

दिवसाच्या उजेडात मात्र पारडं फिरतं. आयएसओ ८० वर, हात स्थिर असेल तर, जी१० जो तपशील काढतो तो पाहून आजही मी थक्क होतो. २००८ मध्येच कॅनडातले छायाचित्रकार मायकेल राइखमन यांनी एक प्रयोग केला. एकच दृश्य जी१० वर आणि ३९ मेगापिक्सेलची फेज वन बॅक (मागे जोडायचा मोठा डिजिटल सेन्सर) लावलेल्या हॅसलब्लाड या महागड्या कॅमेऱ्यावर टिपलं, आणि दोन्हींचे १३ गुणिले १९ इंचांचे प्रिंट अनुभवी मंडळींपुढे ठेवले. कोणता प्रिंट कशाचा, हे त्यांना खात्रीने ओळखता आलं नाही. या निकालावर तेव्हा केवढी खडाजंगी झाली! माझ्या दृष्टीने त्याचा अर्थ मर्यादित आहे: उजेड भरपूर, आयएसओ सर्वांत खाली आणि प्रिंट त्या आकारापर्यंतचा. पण त्या मर्यादेत कॅननचं गणित चुकलेलं नव्हतं, हे मान्य करायला हवं.

त्या गणिताला निसर्गानेच घातलेली एक वेसण होती. भिंगाचं छिद्र बारीक केलं की प्रकाश कडेला वळतो आणि बिंदूचा ठिपका पसरतो. एफ/८ वर हा ठिपका जवळपास ११ मायक्रॉनचा होतो, म्हणजे जी१० चे एका ओळीतले सहा पिक्सेल एकाच ठिपक्यात बुडतात. म्हणून हे दोन्ही कॅमेरे एफ/८ च्या पुढे जाऊच देत नाहीत. चौदा मेगापिक्सेलचा पुरेपूर फायदा हवा तर जी१० छिद्र मोठं ठेवून वापरावा लागतो, आणि छोट्या सेन्सरवर फोकसची खोली (जवळपासून दूरपर्यंत जेवढं स्पष्ट दिसतं तेवढा पट्टा) मुळातच भरपूर असल्यामुळे ते जमतंही.

एलएक्स३ ने आणखी एक पायंडा पाडण्यात हातभार लावला, त्याची चर्चा त्या मानाने कमी झाली. २४ मिलिमीटरवर त्याच्या भिंगातून येणारं कच्चं चित्र पिंपासारखं फुगलेलं असतं. कॅमेरा ते आतल्या आत सरळ करतो आणि जेपेग फाइल व्यवस्थित देतो. रॉ फाइलमध्ये दुरुस्तीची माहिती सोबत असते, पण ती वाचणारं सॉफ्टवेअर पाहिजे. काही मोफत प्रोग्रॅममध्ये लोकांनी फाइल उघडली तेव्हा दरवाजांच्या चौकटी वाकलेल्या दिसल्या आणि ‘भिंगात खोट आहे’ अशी ओरड झाली. २००९ मध्ये अॅडोबीने डीएनजी या आपल्या रॉ फाइल-प्रकाराच्या १.३ आवृत्तीत अशा दुरुस्त्या फाइलबरोबर नेण्याची सोय केली. भिंगाचे दोष काही प्रमाणात गणितावर सोपवायचे आणि त्या बदल्यात भिंग लहान व उजळ करायचं, ही रीत आज मोबाइलपासून महागड्या मिररलेसपर्यंत सगळीकडे रुळली आहे.

हातात घेतल्यावर दोघांचे स्वभाव लगेच कळतात. जी१० जड, साडेतीनशे ग्रॅमच्या घरातला. वर उजवीकडे मोड डायलच्या खाली आयएसओची चकती, डावीकडे एक्स्पोजर भरपाईची (फोटो उजळ-गडद करायची) वेगळी चकती. कॅमेरा बंद असतानाच सगळं लावून ठेवता येतं, आणि प्रत्येक टप्प्याला बोटाला स्वच्छ खटका जाणवतो. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर आहे, पण त्यात पूर्ण चौकट दिसत नाही. एलएक्स३ ला व्ह्यूफाइंडरच नाही. त्याची गंमत भिंगाच्या नळीवर आहे. तिथली छोटी पट्टी सरकवून ४:३, ३:२, १६:९ यांपैकी प्रमाण निवडता येतं, आणि सेन्सर त्या हिशेबाने किंचित मोठा घेतल्यामुळे २४ मिलिमीटरचा कोन तिन्हींत कायम राहतो. व्हिडिओचं तर सांगायलाच नको: एलएक्स३ मध्ये ७२०पी, जी१० मध्ये ६४० गुणिले ४८०.

पुढे जे झालं त्याने वादाचा कौल बराचसा दिला. ऑगस्ट २००९ मध्ये कॅननने जी११ आणला आणि त्यात पिक्सेल १४.७ वरून थेट १० वर उतरवले. एखाद्या मोठ्या कंपनीने आपल्या वरच्या मॉडेलचे मेगापिक्सेल असे उघडपणे घटवणं हे तेव्हा फारच दुर्मीळ होतं. त्याच्याच बरोबर आलेल्या एस९० चं भिंग वाइड बाजूला एफ/२.० होतं. २०१२ च्या जी१५ मध्ये तर जी१० चाच २८ ते १४० मिलिमीटरचा पल्ला एफ/१.८ ते २.८ अशा उजळ भिंगात आला. पॅनासॉनिकने त्याच वर्षी एलएक्स७ मध्ये एफ/१.४ गाठलं. दोन्ही घराणी एकाच वाटेवर आली होती, आणि नेमकं तेव्हाच, जून २०१२ मध्ये, सोनीने आरएक्स१०० जाहीर केला. एक इंच म्हणवणारा, ११६ चौरस मिलिमीटरचा सेन्सर खिशातल्या कॅमेऱ्यात बसला. नखाएवढ्या सेन्सरवर कोण काय करतो, हा प्रश्नच मागे पडला. खाली मोबाइलने स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेरे संपवायला सुरुवात केलीच होती. २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते, तो आकडा पुन्हा कधी दिसला नाही.

गेल्या काही वर्षांत सीसीडी कॅमेऱ्यांना पुन्हा मागणी आली आहे. ‘सीसीडीचे रंग’ म्हणून जे सांगितलं जातं त्यातला मोठा वाटा रंगजाळी आणि कंपनीच्या प्रक्रियेचा असतो असं माझं मत आहे. आणि इथे तर दोन्ही सीसीडीच आहेत, त्यामुळे त्या मुद्द्यावर यांच्यात निवड होणारच नाही. घेणाऱ्याने उन्हात फिरायचंय की दिव्याखाली बसायचंय ते आधी ठरवावं. मी सकाळी बाहेर पडताना जी१० घेतो, संध्याकाळी एलएक्स३. दोघांनाही ३२ जीबीपर्यंतचंच एसडीएचसी कार्ड द्यायचं, त्याहून मोठी एसडीएक्ससी कार्डं यांच्यानंतर आली. एलएक्स३ जुना घेताना भिंगाची टोपी सोबत आहे ना, तेही पाहून घ्यावं. ती जी१० सारखी आपोआप मिटणारी नाही, सुटी आहे, दोरीने बांधायची. ती काढायला विसरून कॅमेरा सुरू केला की भिंग बाहेरच येत नाही, आणि टोपी काढा असा निरोप पडद्यावर झळकतो.