दोन भावंडांमधली नऊ वर्षं

रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून घराण्याच्या चार-पाच पिढ्या उतरवून घ्यायला लोक नाशिकला येतात. पुढे जन्मसालं जुळवताना अडखळतात. समजा, थोरला 1921 चा आणि धाकटा 1930 चा. मधल्या काळात काय झालं? ‘आजोबा मुंबईला गिरणीत असतील’ हे उत्तर कधी खरंही असतं. पण त्याआधी आजीच्या शरीराचा विचार करायला हवा.

मूल रात्रंदिवस अंगावर पीत असेल तर मेंदूकडून बीजकोशांना जाणारे संकेत मंदावतात आणि पाळी लांबते. म्हणून गर्भनिरोधकं नसतानाही दोन मुलांत अडीच-तीन वर्षांचं अंतर सहज पडे. तान्हं बाळ दगावलं, तर मात्र हा अडसर जाई आणि लवकरच पुन्हा दिवस राहत. म्हणजे नऊ वर्षांत दोन-तीन बाळंतपणं होऊन गेलेली असू शकतात. दात यायच्या आत गेलेलं मूल पुरत, त्याचं वर्षश्राद्ध नसे. मग त्याचं नाव वहीत कुठून येणार? मुलींची नावं तर बहुधा नसतातच. पाठीवरच्या मुलाचं नाव दगडू, धोंडू किंवा नथू असेल, तर त्याच्याआधी मुलं जगत नव्हती अशी शंका जरूर घ्यावी.

मुलं कोणत्या क्रमाने गेली, यालाही अर्थ असतो. रक्तातला आरएच नावाचा घटक आईत नसेल (निगेटिव्ह) आणि वडिलांत असेल (पॉझिटिव्ह), तर पहिलं बाळ सहसा सुखरूप जन्मतं. मात्र त्या बाळंतपणात बाळाचं रक्त आईच्या रक्तात मिसळून त्या घटकाविरुद्ध लढणारी प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. ती पुढच्या पॉझिटिव्ह बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात: बाळ पोटातच जातं, किंवा जन्मताच कावीळ होऊन दगावतं. वडिलांकडून निगेटिव्ह जनुक आलेलं एखादं बाळ मधूनच ठणठणीत जगतं. आरएच घटक 1940 मध्ये कळला, अशी प्रतिपिंडं तयार होणं टाळणारं अँटी-डी इंजेक्शन 1968 मध्ये आलं. तोवर दोष बाईच्या कुशीला दिला गेला. हा अन्यायच होता, कारण वडिलांचं रक्त पॉझिटिव्ह नसेल तर हे घडतच नाही.

उपदंशात, म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगात, क्रम बरोबर उलटा दिसतो. आधी गर्भपात, मग मृत बाळ, मग आजारी मूल आणि शेवटी निरोगी; कारण उपचाराविनाही आईच्या रक्तातले जंतू वर्षांगणिक कमी होत जातात.

एका मुलानंतर पाळणा कायमचा थांबला असेल, तर बाळंतज्वर आठवावा. त्या संसर्गाने गर्भनलिका बंद होत. क्षयही तेच करतो, तोही खोकल्याशिवाय, गुपचूप. हिवतापाने गर्भ पडत. 1899-1900 च्या दुष्काळासारख्या उपासमारीत पाळीच बंद होई.

हे पडताळायचं असेल, तर वहीवर थांबू नये. तालुक्याच्या अभिलेख कक्षात गावचं कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूंची नोंदवही (गाव नमुना 14), मागावं. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात, वाचणारा सोबत न्यावा. जन्माबरोबर मृत्यूची पानंही पाहावीत, कारण नाव ठेवायच्या आधी गेलेलं मूल तिथे नुसतं बापाच्या नावाखाली लिहिलेलं असू शकतं.