उरलेली औषधं परत घेण्याची गोष्ट

घरात उरलेल्या औषधांचं काय करायचं, हा प्रश्न भारतात आत्ता कुठे गांभीर्याने घेतला जाऊ लागला आहे. स्वीडनमधली औषध दुकानं 1971 पासूनच अशी औषधं परत घेतात. फ्रान्सने 1993 मध्ये त्यासाठी 'सिक्लामेड' ही स्वतंत्र संस्था उभी केली.

फ्रान्समध्ये सुरुवातीला परत आलेल्यातली चांगली औषधं गरजू देशांना पाठवत. हेतू भलाच होता. पण अशा दानाची दुसरी बाजू बोस्नियात दिसली. 1992 ते 1996 या काळात तिथे मदत म्हणून आलेली अंदाजे 17,000 टन औषधं निरुपयोगी निघाली आणि युद्धाने पोळलेल्या देशाला ती नष्ट करायचीही चिंता लागली. 1999 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपत्तीकाळातल्या नकोशा औषधांच्या विल्हेवाटीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. उघड्यावर टाकलेली औषधं वेचून पुन्हा विकली जातात, हा धोका त्यात नोंदवला आहे. फ्रान्सनेही 2009 पासून ते दान थांबवलं.

आपल्याकडे 2016 हे वर्ष महत्त्वाचं. 28 मार्चला जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले. त्यांनुसार रुग्णालयातली टाकाऊ औषधं पिवळ्या पिशवीत जमा होतात, मग उत्पादकाकडे परत जातात किंवा भट्टीत जाळली जातात. कर्करोगावरच्या पेशीमारक औषधांना तर 1200 अंश सेल्सिअसहून जास्त तापमान लागतं. अकराच दिवसांनी, 8 एप्रिलला, घनकचऱ्याचे नियम आले. त्यात घरातली मुदत संपलेली औषधं घातक कचऱ्यात धरली आणि दर 20 चौरस किलोमीटरमागे एक संकलन केंद्र सांगितलं. असं केंद्र आपल्या भागात कुठे आहे, हे किती जणांना सांगता येईल? त्यामुळे तीच गोळी रुग्णालयातून भट्टीत जाते आणि घरातून घंटागाडीत, नाहीतर मोरीत. माझ्या मते चूक इथेच झाली. औषध ज्या दुकानातून घरी येतं, ते दुकान या व्यवस्थेत धरलंच नाही.

केरळने ते धरलं. 2019 मध्ये तिरुवनंतपुरमला पहिला प्रयोग झाला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये कोळिकोडला 'एन-प्राऊड' योजना सुरू झाली. औषध दुकानांत निळ्या पेट्या आल्या, घरोघरीही संकलन ठरलं, आणि जमलेली औषधं शास्त्रीय विल्हेवाटीसाठी एर्नाकुलम जिल्ह्यात पाठवायची सोय झाली.

त्याच वर्षी मे महिन्यात केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने देशासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. चर्चा झाली ती 17 औषधांच्या यादीची. फेंटानिल, मॉर्फिन, ट्रामाडॉल यांसारखी ही औषधं घरातल्या दुसऱ्या कुणी, विशेषतः लहान मुलाने, घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून ती टॉयलेटमध्ये फ्लश करायला सांगितली. यादीबाहेरच्या औषधांना हा मार्ग नाही. त्यांच्यासाठी राज्यांची औषध नियंत्रण खाती आणि केमिस्ट संघटनांनी मिळून संकलन सुरू करावं, असं सुचवलं आहे. महाराष्ट्रात हे खातं म्हणजे अन्न व औषध प्रशासन. सूचना आहे, सक्ती नाही.