हॅलियम पोर्ट आणि मेनलाइन पोर्ट: एकाच फोनवरची दोन वेगळी लिनक्स

वनप्लस ६ हा २०१८ सालचा फोन. त्यावर उबुंटू टच चालते आणि पोस्टमार्केटओएसही चालते; दोन्ही अँड्रॉइडऐवजी फोनवर बसवायच्या लिनक्स प्रणाली. दोन्हींना सरसकट ‘लिनक्स पोर्ट’, म्हणजे त्या फोनसाठी जुळवून घेतलेली लिनक्स, म्हटले जाते. पण टर्मिनल उघडून ‘युनेम -आर’ ही आज्ञा द्या. उबुंटू टचवर ४.९ ने सुरू होणारा आकडा येतो, पोस्टमार्केटओएसवर त्याच्या कितीतरी पुढचा. हा आकडा कर्नलचा, म्हणजे हार्डवेअर हाताळणाऱ्या प्रणालीच्या गाभ्याचा. पहिला कर्नल फोन बनवणाऱ्याने दिलेला आहे, दुसरा लिनक्सच्या मूळ झाडातून आलेला. पहिला हॅलियम पोर्ट, दुसरा मेनलाइन पोर्ट. पोर्ट करायला बसताना कोणते काम वाट्याला येणार, हे या एका फरकावर ठरते.

हॅलियम हा प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला. कंपनीचा कर्नल आणि व्हेंडर पार्टिशनमधले (स्टोरेजच्या कंपनीसाठी राखलेल्या भागातले) बंद ड्रायव्हर आहेत तसे वापरायचे, हा त्याचा मार्ग. अडचण अशी की ते ड्रायव्हर अँड्रॉइडच्या बायॉनिक या सी लायब्ररीसाठी बांधलेले असतात आणि नेहमीचे लिनक्स प्रोग्रॅम जीलिबसी या दुसऱ्या सी लायब्ररीवर चालतात. लिबहायब्रिस ही लायब्ररी या दोघांमध्ये पूल बांधते. अँड्रॉइडच्या हार्डवेअर सेवा एका एलएक्ससी कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी प्रणालीपासून वेगळ्या कप्प्यात, पडद्याआड चालत राहतात. म्हणून कॅमेरा, जीपीएस, सेन्सर या अवघड गोष्टी हॅलियममध्ये तुलनेने लवकर हाती लागतात.

मेनलाइनमध्ये व्हेंडरचे ड्रायव्हर बाजूला राहतात. प्रत्येक चिपसाठी मूळ कर्नलमधला खुला ड्रायव्हर लागतो, आणि या फोनमध्ये कोणती चिप कोणत्या पत्त्यावर, कोणत्या व्होल्टेजवर बसवली आहे हे सांगणारी डिव्हाइस ट्री फाइल आपण लिहायची. बंद फर्मवेअर मात्र इथेही टळत नाही. मोडेम आणि वायफायचे फर्मवेअर फोनमधूनच घ्यावे लागते. वनप्लस ६ मधल्या ॲड्रिनो ६३० जीपीयूला (चित्रे काढणाऱ्या चिपला) सुरू होताना लागणारी झॅप शेडर ही फर्मवेअर फाइल फोन कंपनीच्या सहीची असते, त्यामुळे एका कंपनीची फाइल दुसरीच्या फोनवर चालत नाही.

हॅलियम पोर्टचा बहुतेक वेळ कर्नलच्या कॉन्फिगवर, म्हणजे कर्नल बांधताना निवडायच्या पर्यायांवर, जातो. ५.१ आणि ७.१ या जुन्या आवृत्त्यांत अँड्रॉइडचा मोठा सोर्स उतरवून सिस्टिम इमेज स्वतः बांधावी लागे. अँड्रॉइडच्या ट्रेबल या नव्या रचनेमुळे व्हेंडरचा भाग वेगळा झाला, आणि हॅलियम ९ पासून सामाईक इमेज वापरता येते. तुमच्याकडे उरते ती कर्नल असलेली बूट इमेज आणि सामाईक इमेजवर चढवायच्या थोड्या ओव्हरले फाइल्स. आधी फोनवर जुळणारे फर्मवेअर हवे: हॅलियम ९ साठी अँड्रॉइड ९ चे व्हेंडर. हा आकडा चुकला तर कंटेनर उठतो आणि पडतो, पडदा काळाच राहतो. मग डिव्हाइसइन्फो फाइल भरायची. तिच्यात फोनचे कोडनेम, आर्किटेक्चर, कर्नल सोर्सची शाखा, डेफकॉन्फिग (कॉन्फिगची मूळ फाइल), आणि बूट इमेजचे पेज साइज व ऑफसेट येतात. शेवटचे दोन अंदाजाने लिहू नका. कंपनीची बूट इमेज उलगडून त्यातून घ्या. ते चुकले तर बूटलोडर (कर्नल सुरू करणारा प्रोग्रॅम) फोन परत फास्टबूट या फ्लॅशिंग मोडमध्ये आणून सोडतो आणि कारणही सांगत नाही.

कॉन्फिगमध्ये नेमस्पेस, डेव्हटीएमपीएफएस, सीग्रुप डिव्हाइस आणि ॲपआर्मर हे पर्याय चालू हवेत; कंटेनर आणि प्रणाली त्यांवर चालतात. ‘अँड्रॉइड पॅरानॉइड नेटवर्क’ बंद हवे. ते चालू राहिले तर चकवणारे लक्षण दिसते: रूटला (सर्वाधिकारी वापरकर्त्याला) इंटरनेट मिळते, साध्या वापरकर्त्याला नाही. कारण तो पर्याय ३००३ या गटाबाहेरच्या प्रोग्रॅमला नेटवर्क जोडणी (सॉकेट) उघडू देत नाही. वायफाय ड्रायव्हर तपासण्यात दिवस घालवण्याआधी ही ओळ पाहा. जुना कर्नल जीसीसी या कंपायलरच्या नव्या आवृत्तीने बांधताना चुकांचा पाऊस पडतो. कंपनीने वापरलेली क्लँग या कंपायलरची आवृत्तीच घ्यावी.

फोन लोगोवर अडकला तर यूएसबी लावून संगणकावर ‘डीमेसेज’ (कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा) पाहत राहा. नवे नेटवर्क कार्ड दिसले तर कर्नल जिवंत आहे, दोष त्यापुढचा. काहीच न दिसता फोन पुन्हा सुरू होत असेल तर रिकव्हरीत (दुरुस्तीच्या मोडमध्ये) जाऊन पीस्टोअरमधला रॅमऊप्सचा लॉग, म्हणजे बंद पडण्याआधी मेमरीत राहिलेले कर्नलचे संदेश, काढा.

मेनलाइनची सुरुवातच वेगळी. पहिला प्रश्न: तुमची एसओसी, म्हणजे फोनची मुख्य चिप, मूळ कर्नलमध्ये आहे का? स्नॅपड्रॅगन ४१० किंवा ८४५ असेल तर अर्धी वाट आधीच कोणीतरी चाललेले आहे. नसेल तर एकट्याने हात घालू नये, ते वर्षानुवर्षांचे काम आहे. एसओसी असेल तर आधी डिस्प्ले ड्रायव्हरच्या मागे न लागता सिंपल-फ्रेमबफर लावा. बूटलोडरने लोगो ज्या मेमरीत काढला तिथेच कर्नलचा मजकूर उमटतो. वनप्लस ६ साठी तिचा आकार १०८० × २२८० × ४ बाइट, म्हणजे ९८,४९,६०० बाइट. त्यानंतर यूएसबी, स्टोरेज, मग पॅनेल, टच, वायफाय. आवाज आणि मोडेम सर्वांत शेवटी.

इथल्या चुका जास्त निर्दय असतात. राखीव मेमरीची यादी अपुरी राहिली आणि कर्नलने ट्रस्टझोनच्या (प्रोसेसरच्या संरक्षित भागाच्या) जागेला स्पर्श केला, तर फोन त्याच क्षणी रीसेट होतो आणि लॉग उरत नाही. रेग्युलेटरचे (चिपना वीज पुरवणाऱ्या भागाचे) व्होल्टेज कंपनीच्या डिव्हाइस ट्रीमधून जसेच्या तसे घ्या. इथे अंदाज चुकला तर चिप कायमची जाऊ शकते. आणि डीटीबीओ, म्हणजे डिव्हाइस ट्रीवर चढवायच्या बदलांचे पार्टिशन! बूटलोडर त्यातले अँड्रॉइडचे बदल तुमच्या डिव्हाइस ट्रीवर चढवतो आणि ती बिघडवतो. म्हणून ८४५ च्या फोनवर फ्लॅश करण्याआधी डीटीबीओ पुसतात. अँड्रॉइडवर परतताना ते पुन्हा भरावे लागते, हे बरेच जण विसरतात.

भारतात ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या पोको एफ१ चे उदाहरण इथे आवर्जून द्यावे. बाहेरून एकच फोन, आत पडद्याचे पॅनेल मात्र टियान्मा किंवा ईबीबीजी या कंपन्यांपैकी एकीचे. मेनलाइनमध्ये दोघांच्या डिव्हाइस ट्री वेगळ्या आहेत, आणि चुकीची निवडली तर फोन चालू असूनही पडदा चालत नाही. हॅलियममध्ये हा घोळ होत नाही, कारण कोणते पॅनेल आहे हे कंपनीच्या कर्नलला बूटलोडर सांगतो.

नावावर विसंबू नका. पोस्टमार्केटओएसमध्ये कंपनीच्या जुन्या कर्नलवरचेही अनेक पोर्ट आहेत. त्यांत सहसा लिबहायब्रिस नसते आणि जीपीयूचा खुला ड्रायव्हरही नसतो. सर्व चित्रे सीपीयूच काढतो. म्हणून पुन्हा ‘युनेम -आर’.

निवड करायची तर: मीडियाटेकचा फोन, कर्नल सोर्स उपलब्ध आणि कॅमेरा हवाच, तर हॅलियम. सोर्सच दिलेला नसेल तर हॅलियमचा रस्ता तिथेच संपतो. सोर्स द्यायला बांधणारा जीपीएल परवाना असूनही सोर्स न देणे हा वापरकर्त्यावर उघड अन्याय आहे. फोन पुढची अनेक वर्षे चालवायचा असेल तर मेनलाइन, कारण ४.९ कर्नलची अधिकृत दुरुस्ती जानेवारी २०२३ मध्येच थांबली आणि हॅलियम पोर्ट त्याच्याशी बांधलेला राहतो. जिओचे सिम असेल तर दोन्हीकडे व्होल्टीई (४जीवरून कॉल करण्याची सोय) आधी तपासा. जिओकडे २जी-३जी नाही, त्यामुळे व्होल्टीईशिवाय इंटरनेट चालेल पण फोन लागणार नाही.

क्वालकॉमच्या फोनवर दोन्ही कामांआधी रिकव्हरीतून पर्सिस्ट, मोडेमएसटी१, मोडेमएसटी२ आणि एफएसजी या पार्टिशनची प्रत ‘डीडी’ या आज्ञेने काढून संगणकावर ठेवा. आयएमईआय आणि रेडिओचे कॅलिब्रेशन त्यांतच असते, आणि दुसऱ्या फोनवरून आणलेली प्रत उपयोगी पडत नाही.