व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा ‘गोडवा’

व्हॉल्व्हचा (निर्वात काचनळ्यांवर चालणारा) अ‍ॅम्प्लिफायर कोणत्याही स्पीकरवर गोडच वाजतो, हा समज जुना असला तरी खरा नाही. स्पीकरच्या पाठीवर ‘८ ओहम’ छापलेले असते खरे, पण तो केवळ नाममात्र आकडा. प्रत्यक्षात इम्पीडन्स, म्हणजे स्पीकर विद्युतप्रवाहाला करतो तो एकूण विरोध, वारंवारतेनुसार बदलतो आणि तोच स्पीकर खर्जातील अनुनादाशी २० ओहम, तर मधल्या पट्ट्यात ५ ओहम दाखवू शकतो. अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट (म्हणजे स्वतःचा अंतर्गत) इम्पीडन्स २ ओहम असेल (व्हॉल्व्हच्या यंत्रात हे नवलाचे नाही), तर त्याच्यात आणि स्पीकरमध्ये व्होल्टेजची विभागणी होऊन, जिथे स्पीकरचा इम्पीडन्स जास्त तिथे त्याचा वाटाही जास्त, खर्ज मधल्या पट्ट्यापेक्षा सुमारे २ डेसिबलने उचलला जातो, आणि ऐकणारा त्यालाच गोडवा म्हणतो. ०.०५ ओहम आउटपुट इम्पीडन्सच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरवर हाच फरक एक दशांश डेसिबलही भरत नाही. स्पीकर बदलला की हे उंचवटे दुसरीकडे सरकतात.