विसर खरा की सोंग?

समजा, निपाणीच्या एका विडी कामगार मावशींना गाडीने उडवलं. डोक्याला मार लागला. भरपाईचा दावा कोर्टात आहे आणि त्या म्हणतात, ‘काहीच ध्यानात राहत नाही बघा.’ हे खरं की खोटं, कसं ठरवायचं?

सोंग आणणारा बहुतेकदा विसराच्या कल्पनेतच चुकतो. तो स्वतःचं नाव, लेकरांची नावं विसरतो. खऱ्या इजेत सहसा उलटं घडतं: जुनं शाबूत, सकाळी काय खाल्लं ते मात्र पुसलेलं. शिवाय आपणहून आठवणं बिघडलं, तरी समोर आलेली गोष्ट ओळखणं बऱ्याच अंशी टिकतं.

मानसशास्त्रज्ञ टॉम टॉम्बॉ यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी यावरच उभी आहे. ५० साधी चित्रं एकेक दाखवायची. मग दोन चित्रं पुढे ठेवायची, एक पाहिलेलं, एक नवं. यातलं कुठलं पाहिलंत? ऐकायला कठीण, करायला सोपं. हे सगळं दोनदा करायचं. मेंदूला इजा झालेली माणसंही दुसऱ्या फेरीत सहसा ४५ किंवा जास्त बरोबर सांगतात. डोळे मिटून बोट ठेवलं तरी २५ च्या आसपास येतात. नुसत्या अंदाजाने १५ किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता हजारात जेमतेम तीन. इतकं कमी यायला बरोबर उत्तर ठाऊक असावं लागतं, आणि ते टाळावंही लागतं.

मात्र २५ आणि ४५ च्या मधला आकडा फसवा. स्मृतिभ्रंश बळावलेला माणूसही तिथे सापडू शकतो. सोंग ओळखायचीच, मानसशास्त्रज्ञ आंद्रे रे यांची १५ चिन्हांची जुनी चाचणी तर आमच्या सीमाभागात मला फार धोक्याची वाटते. कागदावर इंग्रजी मोठी-लहान अक्षरं, आकडे, रोमन आकडे आणि आकृत्या. दहा सेकंद पाहायचं, मग काढून दाखवायचं. शाळेत गेलेल्याला ही पंधरा चिन्हं म्हणजे पाचच ओळखीच्या जोडण्या. तेंदूचं पान कात्रीने झरझर मापात कापणाऱ्या मावशींच्या हातात पेन्सिलच कधी आली नसेल, तर तिथे काय जोडायचं? त्यात सूचना कन्नडमध्ये दिल्या आणि त्यांना घरची मराठीच नीट कळत असेल, तर कमी गुण हे खोटेपणाचे नव्हेत.

म्हणून एका कागदावर निकाल लावत नाहीत. दोन-तीन चाचण्या, दवाखान्याचे कागद, घरातलं रोजचं वागणं, सगळं ताडून पाहावं लागतं. आणि चाचणीची वही उघडण्याआधी विचारावं लागतं: ‘मावशी, कितवीपर्यंत शिकलात? मराठी शाळेत की कन्नड?’